यंत्रांसाठीचे नियम आकड्यांत लिहा : शासकीय संकेतस्थळे चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच जनतेसाठी संकेतस्थळे चालवणारे राज्यातील सर्व विभाग, महामंडळे व मंडळे

विषय : शासकीय संकेतस्थळांच्या स्वयंचलित वापराचे नियम आणि मर्यादा जाहीर करण्याबाबत

सन्माननीय महोदय, महोदया,

बाजार समित्यांचे भाव, धरणांतला साठा, पाऊस, शासन निर्णय, निविदा, भरतीच्या जाहिराती ही माहिती शासन रोज संकेतस्थळांवर टाकते आणि ती माणसांबरोबर यंत्रेही वाचतात. शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांना सकाळी कांद्याचा भाव पाठवणारा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम), जिल्हा दैनिकासाठी धरणसाठ्याचा तक्ता तयार करणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम), कृषी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याचा प्रबंध, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना नव्या जाहिरातीची सूचना देणारे ॲप, हे सगळे त्याच पानांवर अवलंबून असते. हे पत्र लिहिणारे आम्ही अशा स्क्रिप्ट लिहिणारे आणि दुसऱ्या बाजूला सर्व्हर सांभाळणारे लोक आहोत. दोन्ही बाजूंची अडचण आम्हाला ठाऊक आहे.

आमची मागणी एकच आहे. यंत्राने काय न्यावे, कुठून न्यावे आणि किती वेगाने न्यावे, हे विभागांनी आकड्यांत लिहून जाहीर करावे. आज बहुतेक ठिकाणी मर्यादा असते, पण ती लिहिलेली नसते. ती ओलांडल्यावर पान उघडेनासे होते आणि कारण कुणालाच कळत नाही. वापरकर्त्याला वाटते सर्व्हर पडला, म्हणून तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याला वाटते हल्ला झाला, म्हणून तो अख्खी आयपी श्रेणी, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांचा एक पूर्ण गट, बंद करतो. त्या श्रेणीत एखादे आपले सरकार सेवा केंद्रही असते.

‘वापराच्या अटी’ नावाचे पान बहुतेक संकेतस्थळांवर असते. त्यात मजकुराच्या अचूकतेची जबाबदारी कुणाची, दुवे कसे द्यावेत, वाद झाल्यास कोणते न्यायालय, हे असते. सेकंदाला किती रिक्वेस्ट, म्हणजे सर्व्हरकडे केलेल्या मागण्या, चालतील, हे नसते. जगभरच्या सार्वजनिक सेवांनी हा आकडा कधीच लिहून टाकला आहे. ओपनस्ट्रीटमॅपची पत्ता शोधून देणारी नॉमिनॅटिम सेवा सेकंदाला जास्तीत जास्त एक रिक्वेस्ट चालवून घेते, आणि युजर-एजंटमध्ये, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या ओळखीच्या ओळीत, ॲपची ओळख मागते. अर्काइव्ह हे शोधनिबंधांचे भांडार आपल्या एपीआयसाठी (प्रोग्रामना थेट माहिती देणाऱ्या दारासाठी) तीन सेकंदांना एक रिक्वेस्ट आणि एका वेळी एकच जोडणी, असे सांगते. अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेचा जैववैद्यकीय माहितीचा एपीआय चावीशिवाय (नोंदणी करून मिळणाऱ्या संकेताशिवाय) सेकंदाला तीन आणि चावीसह दहा रिक्वेस्ट देतो, आणि मोठी कामे शनिवार-रविवारी किंवा तिथल्या रात्री करा असेही कळवतो. तिथल्या रोखे नियामकाच्या एडगर या कंपनी-माहितीच्या भांडाराची मर्यादा सेकंदाला दहा आहे. गिटहबचा एपीआय अनोळखी पत्त्याला तासाला ६० आणि ओळख पटवलेल्याला तासाला ५,००० रिक्वेस्ट देतो. शिवाय प्रत्येक उत्तराच्या हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या तांत्रिक नोंदीत) किती उरल्या आणि मोजणी पुन्हा कधी सुरू होईल हे लिहून पाठवतो. यातला कोणता आकडा बरोबर हा प्रश्न महत्त्वाचा नाही. आकडा आहे, म्हणून लोक त्याप्रमाणे स्क्रिप्ट लिहितात.

आपल्याकडे मर्यादेच्याही आधी एक वेगळी दुरुस्ती हवी आहे, आणि सर्व्हरवरचा सर्वांत जास्त भार तिनेच कमी होईल. अनेक संकेतस्थळांवर एका आकड्यापर्यंत पोहोचायला जिल्हा निवडा, मग तालुका, मग गाव किंवा बाजार समिती, मग तारीख, आणि शेवटी ‘दाखवा’ असे टप्पे आहेत. जुन्या एएसपी डॉट नेट पद्धतीच्या पानांत प्रत्येक टप्प्याला संपूर्ण पान पुन्हा सर्व्हरकडे जाते. सोबत व्ह्यूस्टेट नावाची लांबलचक दडलेली ओळ जाते, आणि ती कधी कधी दाखवायच्या माहितीपेक्षाही मोठी असते. एक ओळ हवी असलेल्या यंत्राला चार-पाच फेऱ्या माराव्या लागतात आणि सर्व्हरला प्रत्येक फेरीला डेटाबेसमध्ये जावे लागते. राज्यात ३५८ तालुके आहेत. तालुक्यामागे एक रिक्वेस्ट धरली तर सेकंदाला एक या संथ वेगानेही सहा मिनिटांत काम होते. तेच चार टप्प्यांनी केले तर २४ मिनिटे लागतात, आणि सुमारे ४४,००० गावांच्या पातळीवर उतरले तर चार टप्प्यांनी दोन दिवस उलटून जातात. तेवढा वेळ नसतो, म्हणून लोक वीस जोडण्या एकदम उघडतात. सर्व्हरवरचा भार असा तयार होतो.

यावरचा उपाय म्हणजे रोजची एक फाइल. राज्यातल्या मोठ्या, मध्यम आणि लघू प्रकल्पांची संख्या सुमारे तीन हजार आहे. प्रत्येकाची एक ओळ, ओळीत सुमारे २०० बाइट धरा, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवणपद्धतीत तीन बाइट घेते. सगळी फाइल ६०० किलोबाइटच्या आसपास भरेल आणि झिप केल्यावर त्याहून बरीच लहान होईल. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षा ती लहान असेल. ही फाइल स्थिर असते, तिच्यासाठी डेटाबेसला हात लावावा लागत नाही. हजार लोकांनी उतरवली तरी साधा सर्व्हर ती सहज पुरवतो. बाजारभावांचेही तसेच. राज्यात सुमारे तीनशे बाजार समित्या आहेत. दिवसभरातले सगळे शेतमाल, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर व आवक एका सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलमध्ये) मावते.

फाइल करताना काही गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळल्या तर पुढचा त्रास वाचेल. अक्षरे युनिकोडमध्ये असावीत, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने असावी, आणि फाइलच्या पत्त्यात ती तारीख असावी, म्हणजे मागच्या वर्षीची फाइल शोधायला फॉर्म भरावा लागणार नाही. गाव, तालुका, जिल्ह्याच्या नावाशेजारी केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला (एलजीडी) कोड द्यावा. वडगाव आणि पिंपळगाव नावाची गावे किती आहेत ते आपण जाणताच. शिवाय २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव आणि २०२४ मध्ये अहिल्यानगर ही जिल्ह्यांची नावे अधिकृत झाली, तेव्हा नावावरून ओळी जुळवणाऱ्या स्क्रिप्टच्या जुन्या आणि नव्या नोंदींचे धागे तुटले. कोड असता तर कुणाला काही करावे लागले नसते. भाव आलाच नसेल तर रकाना रिकामा ठेवावा, शून्य लिहू नये. आवक नसल्याच्या दिवशी ‘०’ छापला की कुठल्या तरी ॲपवर सोयाबीन फुकट दिसते आणि महिन्याची सरासरी खाली जाते.

शासन निर्णयांच्या बाबतीत तर अर्धे काम झालेलेच आहे. प्रत्येक निर्णयाला अठरा अंकी संकेतांक असतो आणि तो निर्णयाच्या शेवटी छापलेला असतो. रोज अपलोड झालेल्या निर्णयांचे संकेतांक, विभाग, विषय आणि दिनांक एवढ्या चार रकान्यांची एक यादी ठरलेल्या पत्त्यावर ठेवली, की नवे काय आले हे पाहायला कुणाच्याही यंत्राला शोधपान चाळत बसावे लागणार नाही. आज ‘नवे काही आले का’ एवढे विचारण्यासाठी दिवसभर तेच पान उतरवले जाते. (पीडीएफमधून मजकूर नीट निघत नाही, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. जुन्या निर्णयांत युनिकोडपूर्व फाँट असल्याने कॉपी केलेला मजकूर अगम्य निघतो, आणि मग तोच ढीग पुन्हा पुन्हा उतरवून ओसीआर (चित्रातली अक्षरे यंत्राने ओळखणे) केला जातो. एकदा मजकुराची फाइल दिली तर त्याही फेऱ्या थांबतील.)

फाइल दिल्यावरही काहींना थेट शोध लागेल. मर्यादा तिथे घालायची, आणि घालताना पुढच्या चुका टाळायला हव्यात.

पहिली चूक म्हणजे फक्त आयपी पत्त्यावर मोजणे. आपल्याकडच्या मोबाइल जाळ्यांत एका आयपीव्ही-४ (जुन्या पद्धतीच्या) पत्त्यामागे एकाच वेळी अनेक ग्राहक असतात. वसतिगृह, तहसील कार्यालय, सेवा केंद्र यांचेही तसेच. पत्त्यामागे मिनिटाला ६० ही मर्यादा एका स्क्रिप्टला सैल आणि तीस विद्यार्थ्यांच्या संगणक प्रयोगशाळेला घट्ट ठरते. आयपीव्ही-६ या नव्या पत्तापद्धतीत उलटे होते. तिथे एका जोडणीला साधारणपणे किमान /६४ एवढा पत्त्यांचा प्रचंड गट मिळतो, म्हणजे स्क्रिप्ट दर रिक्वेस्टला नवा पत्ता वापरू शकते. तिथे मोजणी सुट्या पत्त्यावर न करता /६४ गटावर करावी लागते. म्हणून जास्त वापर करणाऱ्यांना मोफत चावी द्यावी आणि त्यांची मोजणी चावीवर करावी. चावीसाठी ईमेल आणि वापराचे दोन ओळींचे वर्णन पुरे. आधार, संस्थेचे पत्र, शंभर रुपयांचा मुद्रांक असे काही मागितले तर लोक चावी घेणार नाहीत आणि पुन्हा बिनचावीच्या दाराने येतील.

दुसरी चूक पानातल्या चित्रे, शैलीपत्रके आणि स्क्रिप्ट यांच्या फायली मोजण्याची आहे. एक पान उघडताना ब्राउझर चाळीस-पन्नास फायली मागवतो. सगळ्या धरून मर्यादा लावली तर पहिल्याच पानावर माणूस अडकतो. मर्यादा शोध आणि अहवालाच्या पत्त्यांना लावावी, आणि ती बादलीच्या पद्धतीने असावी : सेकंदाला एक भर, बादलीत दहा शिल्लक. म्हणजे माणसाने पटापट चार क्लिक केले तरी चालते, पण यंत्र सतत दौडू शकत नाही.

तिसरी चूक सर्वांत महाग पडते. एनजिनएक्स या वेब-सर्व्हरच्या पुढे लोड बॅलन्सर (भार वाटून देणारे यंत्र) किंवा सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणाहून पुरवणारे जाळे) असेल आणि खरा पत्ता ओळखण्याची जोडणी केलेली नसेल, तर सर्व्हरला सगळ्या रिक्वेस्ट त्या बॅलन्सरच्या एकाच पत्त्यावरून आलेल्या दिसतात. मग राज्यभरातले सगळे वापरकर्ते मिळून एक माणूस धरला जातो आणि दहावीच्या निकालासारख्या दिवशी संकेतस्थळ सगळ्यांनाच बंद होते. मर्यादा चालू करण्याआधी लॉगमध्ये वेगवेगळे पत्ते दिसतात का, एवढे पाहिले तरी हे टळते.

मर्यादा ओलांडल्यावर काय उत्तर द्यायचे, यासाठी एप्रिल २०१२ पासून प्रमाण संकेत आहे : ४२९, ‘फार रिक्वेस्ट झाल्या’. सोबत रिट्राय-आफ्टर हे हेडर द्यायचे, त्यात किती सेकंदांनी परत यावे ते लिहायचे. एनजिनएक्सची मर्यादा मूळ मांडणीत ५०३ देते, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’. ४२९ हवा तर तो वेगळा लिहावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी ती ओळ राहून जाते. फरक लहान दिसतो, पण ५०३ पाहून स्क्रिप्ट समजते की सर्व्हर आजारी आहे, आणि थोड्या थोड्या वेळाने दार वाजवत राहते. ४२९ पाहून तिला कळते की चूक आपली आहे. याहून घातक म्हणजे ‘तुमची विनंती नाकारली आहे’ असे पान २०० या यशाच्या क्रमांकासह पाठवणे. काही सुरक्षा-भिंती तसेच करतात. स्क्रिप्टला ते यश वाटते, पानात भाव सापडत नाही, आणि त्या दिवशी बाजार बंद होता अशी नोंद होऊन बसते. चुकीची माहिती पसरते आणि ती शासनाच्या नावावर पसरते.

पुन्हा प्रयत्न करण्याचा हिशेबही सांगायला हवा, कारण पडझडीचे मूळ बहुधा त्यातच असते. सर्व्हर मंदावला, उत्तर दहा सेकंदांत आले नाही, आणि प्रत्येक ग्राहकाने आणखी तीन वेळा विचारले, तर भार चौपट होतो. मंदावलेला सर्व्हर मग पडतोच. रिट्राय-आफ्टर हेडर असेल तर प्रयत्न पांगवता येतात.

मर्यादेचा आकडा लोकांच्या गरजेशी जुळला नाही तर काय होते, हे देशाने २०२१ मध्ये कोविन या कोविड लसीकरणाच्या संकेतस्थळावर पाहिले. १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी सुरू झाली तेव्हा जागा मिनिटभरात भरत होत्या. कोविनचे सार्वजनिक एपीआय खुले होते, आणि नियम लिहिलेला होता : एका आयपीवरून पाच मिनिटांत १०० रिक्वेस्ट. हे चांगलेच होते. त्या नियमात राहून ३६ जिल्हे दर दोन मिनिटांनी तपासले तर पाच मिनिटांत ९० रिक्वेस्ट होतात. दर मिनिटाला तपासले तर १८० होऊन नियम मोडतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला नेमके कुठे थांबायचे ते कळत होते. मग मेच्या सुरुवातीला सार्वजनिक एपीआयमधली माहिती ३० मिनिटांपर्यंत जुनी असू शकेल, असा बदल झाला. मिनिटात संपणाऱ्या जागांसाठी अर्ध्या तासाची शिळी माहिती निरुपयोगी होती. म्हणून काही जण लॉगिनच्या आतल्या दाराकडे वळले, आणि आतल्या दारावर कॅप्चा आला. ज्यांना स्क्रिप्ट म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते, अशांनाही आता कॅप्चाची अक्षरे ओळखावी लागली. उपयोगी माहिती खुल्या दाराने मिळेनाशी झाली की भार आतल्या दारावर जातो, तो संपत नाही. यातून घ्यायचा धडा असा की मर्यादा ठरवताना ती माहिती किती वेळात बदलते, ते आधी पाहावे. धरणसाठ्याला दिवसातून एकदा पुरते. पुराच्या दिवसांत विसर्गाचे आकडे मात्र तासातासाला लागतात, आणि तेव्हा मर्यादा सैल करावी लागेल, कडक नव्हे.

कॅप्चाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. वाकड्यातिकड्या पाच-सहा अक्षरांचे चित्र आजची साधी ओसीआर साधने ओळखतात; अडतात ती माणसे. ध्वनीचा पर्याय नसेल तर अंध व्यक्तीला ते पान बंदच होते. बाजारभाव, धरणसाठा, शासन निर्णय अशा माहितीवर कॅप्चा नसावा. परदेशातून येणारे पत्ते सरसकट बंद करण्याचेही तसेच आहे. दुबईत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडच्या कामासाठी एक शासन निर्णय वाचायचा असतो, त्याला पान उघडत नाही. माहिती ओरबाडणारा मात्र मुंबईतला सर्व्हर भाड्याने घेऊन आत येतो.

याचा अर्थ सगळेच खुले करा असा नाही, आणि इथे आम्ही ठाम आहोत. सातबारा आणि आठ-अ यांवर खातेदारांची नावे, क्षेत्र आणि बोजे असतात. एकेक उतारा पाहण्याची सोय असायलाच हवी. पण अख्ख्या तालुक्याचे उतारे यंत्राने गोळा करून नाव टाकले की जमीन दिसेल असा साठा बनवणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यातून वृद्ध खातेदार आणि वारसनोंद रखडलेली कुटुंबे जमीन-दलालांच्या यादीत येतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा इथे पुरेसा नाही. कायद्याने जाहीर करणे बंधनकारक असल्यामुळे जाहीर केलेल्या माहितीला तो लागू होत नाही. म्हणून या पानांवर कॅप्चा, मोबाइल क्रमांक, कडक मर्यादा हे सगळे योग्य आहे. आमची विनंती एवढीच की व्यक्तींच्या माहितीसाठीचा कडकपणा कांद्याच्या भावाला लावू नये. आज दोन्ही एकाच सुरक्षा-भिंतीमागे, एकाच नियमाने ठेवली जातात. संशोधकांसाठी नावे वगळून गावनिहाय पिकांखालचे क्षेत्र दिले, तर सातबाऱ्याच्या पानावर यंत्र नेण्याचे प्रामाणिक कारणच उरणार नाही.

नियम लिहिलेला नसण्याची एक किंमत कायद्याच्या बाजूने आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय माहिती उतरवणे, तिची नक्कल करणे, यासाठी भरपाईची तरतूद आहे. हेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘परवानगी’ कुठेच शब्दांत नसेल, तर प्रबंधासाठी पावसाचे आकडे गोळा करणारी विद्यार्थिनी कायद्याच्या कोणत्या बाजूला आहे, हे तिचे मार्गदर्शकही सांगू शकत नाहीत. दुसरीकडे माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४(२) सांगते की शासनाने आपण होऊन, होईल तेवढी माहिती, इंटरनेटसह विविध मार्गांनी, वेळोवेळी द्यावी, म्हणजे लोकांना अर्ज करावा लागणार नाही. केंद्राचे माहिती-सामायिकीकरणाचे धोरण २०१२ चे आहे आणि शासकीय खुल्या माहितीचा परवाना २०१७ चा. त्यात नामोल्लेख करून व्यावसायिक वापरालाही मुभा आहे आणि व्यक्तिगत माहिती वगळलेली आहे. हा परवाना कोणत्या फायलींना लागू, एवढी एक ओळ प्रत्येक फाइलशेजारी आली तरी संभ्रम मिटेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणारे बॉट हा नवा आणि खरा भार आहे, आणि विभागांची त्याबद्दलची चिंता रास्त आहे. विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की त्यांच्याकडच्या सर्वांत खर्चिक रहदारीपैकी ६५ टक्के बॉटकडून येते, तर एकूण पानदर्शनांत बॉटचा वाटा ३५ टक्के आहे. कारण माणसे ठरावीक पाने पाहतात, ती कॅशमधून (तयार ठेवलेल्या प्रतींतून) जातात. बॉट कोपऱ्यातले जुने पानही उघडतो आणि ते मूळ सर्व्हरला तयार करून द्यावे लागते. अशा बॉटसाठी रोबॉट्स फाइल, म्हणजे बॉटने काय उघडू नये ते सांगणारी फाइल, आहे. तिची प्रथा १९९४ पासूनची, तिचे प्रमाण आरएफसी ९३०९ या इंटरनेट-दस्तऐवजाच्या रूपात २०२२ मध्ये आले. पण ती हाताळताना जपावे. घाईत सगळ्यांना सगळे मना करणारी ओळ टाकली तर गुगल शोधातून शासन निर्णयही जातील. ही फाइल मागितल्यावर सर्व्हरने ५०० मालिकेतली चूक दिली, तर प्रमाणानुसार बॉटने संपूर्ण संकेतस्थळ मना आहे असे समजायचे असते. म्हणजे एका बिघडलेल्या मांडणीमुळे संकेतस्थळ शोधातून हळूहळू नाहीसे होऊ शकते. ‘क्रॉल-डिले’ ही दोन रिक्वेस्टमधले अंतर सांगणारी ओळ प्रमाणात नाही आणि गुगल ती पाळत नाही, तेव्हा वेगाचा नियम सर्व्हरवरच लावावा लागेल. आणि रोबॉट्स फाइल ही विनंती आहे, कुलूप नव्हे. जी माहिती यंत्राला द्यायचीच नाही ती या फाइलमध्ये लिहून लपत नाही, उलट तिचा पत्ता जाहीर होतो.

आमच्या बाजूची जबाबदारीही लिहून देतो, कारण नियम एकतर्फी टिकत नाही. स्क्रिप्ट आपली ओळख युजर-एजंटमध्ये देईल, त्यात संपर्काचा ईमेल असेल, क्रोमचे सोंग घेणार नाही. नियम लिहिलेला नसेल तिथे सेकंदाला एकापेक्षा जास्त रिक्वेस्ट नाही, एका वेळी एकच जोडणी. फाइल बदलली नसेल तर ती पुन्हा उतरवणार नाही. त्यासाठी ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) किंवा शेवटच्या बदलाची वेळ पाठवू, आणि सर्व्हरने ३०४, म्हणजे ‘बदल नाही’, म्हटले की थांबू. ते हेडर सर्व्हरने द्यावेत, एवढे मात्र तुमच्याकडे लागते. चूक आली तर १, २, ४, ८, १६ सेकंद असे अंतर वाढवत, प्रत्येकात थोडा यादृच्छिक वेळ मिसळून, पाच प्रयत्नांनंतर सोडून देऊ. क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) ठोक्याला चालवणार नाही. रात्री बारा किंवा सकाळी सहा वाजून शून्य मिनिटांनी राज्यातल्या सगळ्या स्क्रिप्ट एकदम धावतात. तीच वेळ सहा वाजून सतरा किंवा त्रेचाळीस मिनिटे केली की शिखर बसते. एकदा आणलेली माहिती आपल्याकडे साठवून वापरकर्त्यांना तिथून देऊ, प्रत्येक ॲपच्या प्रत्येक क्लिकला शासनाचा सर्व्हर गाठणार नाही. जे प्रोग्रामर हे पत्र वाचत आहेत त्यांनी हे आजपासून पाळावे. त्यासाठी कोणत्याही आदेशाची वाट पाहायची गरज नाही.

विभागांनी जाहीर करायच्या नियमाचा मसुदा असा ठेवता येईल :

“या संकेतस्थळावरील व्यक्तिगत नसलेल्या माहितीचा स्वयंचलित वापर करण्यास परवानगी आहे. संपूर्ण माहिती दररोज सकाळी ११ वाजेपर्यंत पुढील पत्त्यावर एका फाइलमध्ये मिळेल; शक्यतो तीच वापरावी. शोधपानांसाठी मर्यादा : चावीशिवाय सेकंदाला १ व दिवसाला २,०००, चावीसह सेकंदाला ५ व दिवसाला ५०,०००. मर्यादा ओलांडल्यास ४२९ उत्तर व थांबण्याचा कालावधी कळवला जाईल. वारंवार ओलांडल्यास चावीच्या ईमेलवर सूचना देऊन २४ तासांसाठी प्रवेश थांबवला जाईल. युजर-एजंटमध्ये नाव व संपर्क आवश्यक. खातेदार, लाभार्थी, अर्जदार यांची माहिती असलेल्या पानांचा स्वयंचलित वापर करता येणार नाही. पानांची रचना बदलण्यापूर्वी १५ दिवस येथे सूचना दिली जाईल. अडचणींसाठी ईमेल : …”

यातले आकडे तुमच्या सर्व्हरच्या ताकदीप्रमाणे बदला. अर्धे केले तरी आमची तक्रार नाही. शेवटच्या दोन ओळी मात्र वगळू नका. रचना न सांगता बदलली की सगळ्या स्क्रिप्ट एकाच सकाळी चुकतात आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करू लागतात. संपर्काचा ईमेल कुणीतरी रोज उघडणारा असावा. निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या नावाचा नसावा.

सुरुवात दोन फायलींनी करावी : दैनंदिन धरणसाठा आणि दैनंदिन बाजारभाव. दोन्ही माहिती आजही रोज तयार होते, त्यामुळे नवी यंत्रणा, नवी निविदा लागत नाही. डेटाबेसमधून रोज एकदा सीएसव्ही काढून ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवणारा एक क्रॉन पुरतो. महिनाभर त्या फायली चालू ठेवून शोधपानांवरच्या रिक्वेस्ट आधीच्या महिन्याशी ताडून पाहाव्यात, आणि चावीशिवायची मर्यादा त्या आकड्यांवरून ठरवावी. रकान्यांचा नमुना, एलजीडी कोडची जुळणी आणि एनजिनएक्सच्या मांडणीचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ.

आपले,
शासकीय माहितीवर साधने बांधणारे प्रोग्रामर, माहिती-पत्रकार आणि सर्व्हर सांभाळणारे काही नागरिक